मिथिलसेल्युलोजची पावडर : कागदाच्या दुरुस्तीसाठी खळीला पर्याय
जुन्या पुस्तकांची फाटलेली पाने सांधण्यासाठी मी खळीऐवजी मिथिलसेल्युलोजची पावडर वापरू लागलो असून, नाजूक कागदासाठी ती खळीपेक्षा सरस आहे, असे माझे मत झाले आहे. ही पावडर कापूस, लाकूड यांच्या तंतूंतील सेल्युलोजपासून बनते. सेल्युलोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांब साखळी असून, तिच्यातील प्रत्येक एककावर तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. त्यांच्यातील हायड्रोजन बंधांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि म्हणूनच कापूस पाण्यात विरघळत नाही. यांपैकी सरासरी दीड ते दोन गटांवर मिथिल गट (एक कार्बन व तीन हायड्रोजन) बसवले की ही रचना सैल होते आणि पदार्थ थंड पाण्यात विरघळू लागतो.

गंमत अशी की, साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास हे द्रावण पातळ होण्याऐवजी गोठते. थेट थंड पाण्यात टाकलेल्या पावडरीच्या मात्र बाहेरून बुळबुळीत आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. गरम पाण्यात ती विरघळत नाही, म्हणून ती आधी त्यात ढवळून पसरवावी, मग थंड पाणी घालून पूर्ण निवू द्यावी. मी घेतलेल्या पाकिटावर नेमकी हीच सूचना नव्हती, आणि नवख्या माणसाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

वाळलेला थर पारदर्शक व लवचीक राहतो, खळीच्या तुलनेत कसर लागण्याची भीती कमी असते आणि ओलावा दिल्यावर चिकटवलेली पट्टी पुन्हा सोडवता येते. पकड मात्र बेताचीच आहे. जाड पुठ्ठा किंवा चामडे चिकटवायचे असल्यास ही पावडर घेऊ नये.