२९ डिसेंबरची मोकळी तारीख

बेळगावात ‘डीजे’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर माणूस येत नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत येते. कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत अशाच एका भिंतीमागे उभा राहून मी हे काम शिकलो. पुढे महाविद्यालयांची स्नेहसंमेलने झाली, गोव्याच्या क्लबांत मंगळवार-बुधवारचे रिकामे स्लॉट मिळाले आणि हळूहळू हाऊस व टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे प्रकार वाजवणारा म्हणून थोडी ओळख झाली. २०२२ पासून मी स्वतः लहान कार्यक्रमही भरवू लागलो. कलाकार आणायचा, जागा ठरवायची, तिकिटे विकायची आणि तोटा आला तर तो आपणच सोसायचा, असे ते काम असते. माझी चार लाखांची फसवणूक झाली ती या कामात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या एका गृहस्थाचा मला संदेश आला. युरोपातील एका नामांकित हाऊस डीजेच्या भारत दौऱ्याची जबाबदारी आपल्याकडे आहे, २८ डिसेंबरला गोवा आणि ३० ला पुणे ठरले आहे, मधली २९ तारीख मोकळी आहे आणि बेळगाव रस्त्यातच पडते, असे त्याने लिहिले होते. २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न हा संगीत महोत्सव सुरू झाल्यापासून डिसेंबरअखेरीस परदेशी डीजे गोव्यात येणे ही नवलाई राहिलेली नाही. तिथून चोर्ला घाट चढून बेळगाव आणि पुढे संकेश्वर-निपाणीवरून महामार्गाने पुणे, हा रस्ता मी स्वतः कितीदा केला आहे. दौऱ्याच्या तारखा अशा एकापुढे एक ओवण्याला आमच्याकडे राउटिंग म्हणतात. विमानाचा खर्च मोठ्या शहरांच्या आयोजकांनी आधीच उचललेला असतो, त्यामुळे मधली तारीख लहान गावाला स्वस्तात मिळते, आणि हे खरेच घडते. म्हणूनच नेहमीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे आठ लाख मानधन ऐकून मला संशय येण्याऐवजी संधी दिसली.

त्यानंतर त्याने पाठवलेल्या टेक्निकल रायडरने, म्हणजे कलाकाराला मंचावर काय काय लागते त्या यादीने, माझी उरलीसुरली शंका संपवली. गाणी वाजवायचे चार सीडीजे-२००० नेक्सस-२ प्लेअर, एक डीजेएम-९०० मिक्सर, मॉनिटर स्पीकर कानाच्या उंचीवर आणि दोन्ही बाजूंना, टेबल डुलता कामा नये, असा तो नेमका मजकूर होता. हे लिहिणाऱ्याला काम कळते, असे मी मित्राला अभिमानाने सांगितले. तो रायडर खराच होता, हे मला नंतर कळले. असे कागद साउंडवाल्यांकडून आयोजकांकडे आणि तिथून कुणाकडेही फिरत असतात. कलाकाराची तारीख विकण्याचा अधिकार कुणाला आहे, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

निम्मे मानधन आगाऊ मागितले गेले. माझ्याकडे अडीच लाख होते. उरलेले दीड लाख निपाणीच्या मित्राने, ज्याच्या घरी तंबाखूचा व्यापार आहे, वडिलांना न सांगता दिले. रक्कम दोन हप्त्यांत गेली. करारावर कंपनीचे नाव होते आणि बँक खाते मात्र एका व्यक्तीच्या नावाचे होते. विचारले तेव्हा ‘कंपनीचे खाते ऑडिटमुळे अडकले आहे’ असे उत्तर आले आणि मी ते गिळले. ईमेलच्या पत्त्यात व्यवस्थापन संस्थेच्या नावापेक्षा एक अक्षर जास्त होते, तेही मला पैसे गेल्यावर दिसले.

आम्ही सावगाव रस्त्यावरचे एक लॉन ठरवले. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही म्हणून दर ४९९ ठेवला आणि नोव्हेंबरअखेर ३४० तिकिटे गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या गृहस्थाने विमान तिकिटांसाठी आणखी दोन लाख मागितले. ज्या खर्चाचा भार गोवा-पुण्याने उचलला असे सांगितले होते, तोच आता माझ्या माथी येत होता, तरीही मी पैशांची जुळवाजुळव करण्याच्या विचारात होतो. वाचवले ते आमच्या सीएंनी. परदेशी कलाकाराला मानधन देताना आयकर कायद्याच्या १९४-ई कलमाखाली वीस टक्के कर कापावा लागतो, तो कापलास का, असे त्यांनी सहज विचारले, आणि पाठोपाठ, पर्यटक व्हिसावर असा कार्यक्रम करता येत नाही, मग व्हिसा कोण काढतो आहे, असेही विचारले. दोन महिन्यांत मिक्सरच्या क्रमांकापासून हॉटेलातील पाण्याच्या बाटल्यांपर्यंत सगळे बोलून झाले होते; कर आणि व्हिसा हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून एकदाही आले नव्हते.

त्या रात्री मी कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील बुकिंगच्या पत्त्यावर पत्र लिहिले. सकाळी उत्तर आले की कलाकार डिसेंबरात भारतात नाही आणि या नावाचा कुणी प्रतिनिधीही नाही. हे पत्र पाठवायला मला दहा मिनिटे लागली होती आणि ऑक्टोबरातही तेवढीच लागली असती. दुपारपर्यंत त्या गृहस्थाचा फोन बंद झाला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवले, परंतु तिथे वेळेला किंमत असते; पैसे जाऊन सहा आठवडे झाले होते आणि खाते केव्हाच रिकामे झालेले होते. वकिलांकडून कन्नडमध्ये मजकूर तयार करून घेऊन कलम ४२० आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-डी खाली तक्रार दिली. तिचा तपास अजून चालू आहे.

तिकिटांचे सर्व पैसे मी परत केले, तरी गावात ‘बेळगावचा फायर फेस्टिव्हल’ अशी थट्टा झालीच. बहामातील फायर या फसव्या संगीत महोत्सवाच्या प्रकरणात आयोजकाला २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ती कथा मीच अनेकांना रंगवून सांगत असे. आयोजक लोकांना फसवतो एवढेच मला ठाऊक होते. आमचे आबा उद्यमबागेत तीस वर्षे फौंड्रीत होते. ते रागावले नाहीत. ‘त्या माणसाला डोळ्यांनी बघितलास काय रे?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि थोड्या वेळाने, ‘आम्ही भंगारसुद्धा काट्यावर घालून घेत होतो,’ असे म्हणून ते उठून गेले.

मी हे लिहिले नसते. परंतु गेल्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या एका तरुण आयोजकाचा फोन आला. ‘दादा, बेळगावचा तुमचा २९ डिसेंबरचा कार्यक्रम कसा झाला होता?’ असे त्याने अदबीने विचारले. मी छापलेले पोस्टर त्याला कुणीतरी यशस्वी झालेल्या दौऱ्याचा पुरावा म्हणून पाठवले होते. पैसे दिलेस का, असे मी विचारले.

‘निम्मे,’ तो म्हणाला.