१६ तासांचा परतावा

मी गणिताच्या खासगी शिकवण्या घेते, सगळ्या ऑनलाइन. पूर्वी एक तास ठरवायचा म्हणजे मेसेजांची टोलवाटोलवी चालायची. मंगळवारी जमेल का? नाही, मग गुरुवारी? सहाला की साडेसहाला? शेवटी एका विद्यार्थ्यानंच सुचवलं, मॅडम, बुकिंगचं पान करा ना, मोकळी वेळ बघून आम्हीच घेत जाऊ. केलं. कॅलेंडर जोडलं, कार्डानं आगाऊ पैसे भरायची सोय केली आणि खाली ऐटीत लिहिलं, ‘आदल्या दिवसापर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत.’ हेच वाक्य पुढे माझ्या अंगाशी आलं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने सुखाचे गेले. मुलं आपापले तास घेत, पैसे भरत, आठवण करून देणारी मेलसुद्धा आपोआप जाई. मग एका सकाळी उठून बघते तर रात्रीत एकाच नावानं २० तास बुक झालेले, सगळ्यांचे पैसे भरलेले. परीक्षा जवळ आल्या होत्या, म्हणजे जुन्या मुलांना हवे असलेले संध्याकाळचे स्लॉट नेमके त्यातच गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर हुरळूनच गेले.

पाठोपाठ मेसेज आला. मुलाचे वडील. ते कामानिमित्त परदेशात, मुलगा मावशीकडे, तीच त्याला वेळेवर लॅपटॉपसमोर बसवेल. मी म्हटलं, एकदा फोनवर बोलूया. तर घशाचं ऑपरेशन झालंय, महिनाभर बोलायला मनाई आहे, लिहूनच बोलूया. माझा जीव हळहळला.

आता मागे वळून बघताना एक गोष्ट डाचते. खरे पालक पैसे भरण्याआधी भंडावून सोडतात. मार्क वाढतील ना, फी थोडी कमी होईल का, मुलगा आळशी आहे, जरा दटावा. या गृहस्थांनी एकही प्रश्न विचारला नाही. मुलाचं कुठं अडतंय, भूमितीत की बीजगणितात, हेही नाही. अख्ख्या संभाषणात ‘गणित’ हा शब्द त्यांच्याकडून आलाच नाही, नुसतं ‘तुमचे तास’. शिवाय बुकिंगच्या नोंदीत समोरच्याचा टाइम झोन दिसतो. तो ना वडिलांच्या देशाचा होता ना मावशीच्या. ती नोंद मी उघडून पाहिली, पण सगळं संपल्यावर.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मेसेज. मुलाची परीक्षा पुढे गेली, आता चारच तास पुरेत, बाकीचे १६ रद्द करा. ज्या कार्डावरून पैसे भरले ते बंद झालंय, त्यामुळे परतावा मावशीच्या खात्यात पाठवा. आजच झाला तर बरं, तिला दवाखान्याचं बिल भरायचंय. नियम माझाच, मुदतही पाळलेली. न शिकवलेल्या तासांचे पैसे धरून बसायची मला लाज वाटली. पेमेंट कंपनीकडून ती रक्कम माझ्या बँकेत यायला अजून काही दिवस होते, तरी पडद्यावर ‘जमा’ दिसत होतं ना, म्हणून मी माझ्या बचतीतून पाठवून दिली.

उरलेल्या चारपैकी पहिल्या तासाला कॅमेरा लावून वीस मिनिटं बसून राहिले. कोणी आलं नाही. मेसेजला उत्तर नाही.

सहा आठवड्यांनी पेमेंट कंपनीची मेल आली. कार्डाच्या खऱ्या मालकानं ‘हा व्यवहार माझा नाही’ म्हणून बँकेकडे तक्रार केली होती. कार्ड चोरीचं होतं. सगळ्या २० तासांची रक्कम माझ्या खात्यातून वळती झाली, वर चार्जबॅकचं, म्हणजे अशा तक्रारीवरून पैसे उलटे फिरवण्याचं, शुल्क. मी १६ तासांचे पैसे आधीच परत केल्याचा पुरावा जोडला, तो कुचकामी ठरला, कारण ते गेले होते तिसऱ्याच माणसाकडे. माझी बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण त्या खात्यात आता काही नाही.

कार्डाचं पेमेंट ‘यशस्वी’ दिसलं म्हणजे पैसे आपले झाले, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत कार्डधारकाला अशी तक्रार करायला साधारणपणे १२० दिवसांपर्यंत मुदत असते. ओटीपी वगैरे पडताळणी होऊन गेलेला व्यवहार असेल, तर अशा फसवणुकीचा भुर्दंड बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. माझ्या पानावर ती पडताळणी सक्तीची नव्हती, एक खूण करायची राहिली होती. आणि ‘कार्ड बंद झालंय’ ही सबब तर मुळातच पोकळ. परतावा मूळ व्यवहारावरचं रिफंडचं बटण दाबूनच द्यायचा. कार्ड बंद असलं तरी तो ते देणाऱ्या बँकेकडे जातो आणि ती आपल्या ग्राहकाचं बघून घेते. पैसे दुसरीकडे वळवा असं कोणी म्हणालं, की तिथंच थांबायचं.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. संध्याकाळचे स्लॉट भरलेले दिसले म्हणून दोन जुनी मुलं ऐन परीक्षेच्या तोंडावर दुसरीकडे गेली. एकीच्या आईनं विचारलं, तुम्ही आमच्यासाठी एक तास ठेवला नाहीत? काय सांगणार?

बुकिंगचं पान मी बंद केलेलं नाही, मेसेजांच्या टोलवाटोलवीकडे परत जायची माझी तयारी नाही. पण नव्या माणसाला आता फक्त पंधरा मिनिटांच्या ओळखीची वेळ घेता येते, बिनपैशांची, आणि तीही मी होकार दिला तरच पक्की होते. मुलाशी समोरासमोर बोलल्यावरच पुढच्या तासांची लिंक देते, एका वेळी दोनच. रद्द केलेल्या तासांचे पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत जातील, हे पानावर ठळक लिहिलंय.

मागच्या महिन्यात कोणीतरी ओळखीची वेळ मागितली आणि सोबत विचारलं, एकदम महिनाभराचे तास आगाऊ भरले तर चालतील का? मी लिहिलं, आधी सांगा, मुलाचा कोणता धडा अडलाय? दोन दिवस वाट पाहून ती वेळ मोकळी केली. रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं ती अपूर्णांकांसाठी घेतली.