डुक्कर फियाटचं ‘भंगार’ आणि माझे 4,11,300 रुपये

आधी आकडा सांगून टाकतो. 4,11,300 रुपये मी मोजून दिले, आणि वर माझ्याच गाडीतून निघालेला 1,71,500 रुपयांचा माल परस्पर विक्रीला लागला. विकणारा तोच, ज्याच्याकडे गाडी विश्वासाने सोपवली होती. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. पुण्याबाहेर हायवेला लागून आहे, एवढं पुरे.

गाडी काकांची. डुक्कर फियाट. म्हणजे 1953 साली इटलीत निघालेली फियाट 1100, आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरमधून यायची ती. 1089 सीसी इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला, पुढची दारं उलटी उघडणारी. समोरून पाहिली की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. काका गेल्यावर चुलतभावांपैकी कोणालाच ती नको होती, म्हणून माझ्याकडे आली. पत्रा बरा होता, काचा शाबूत होत्या, इंजिन मात्र अडकलेलं.

माझ्या डोक्यात साधा हिशोब होता: चालू करायची, रंग द्यायचा, दिवाळीला घरच्यांना फिरवायचं. मॉडिफिकेशनचं खूळ माझं नव्हतं, ते गॅरेजवाल्याने घातलं. पहिल्याच भेटीत मोबाईलवर अमेरिकेतल्या हॉट रॉड, म्हणजे कापून मोठं इंजिन बसवलेल्या जुन्या गाड्या, दाखवल्या. 1932 ची फोर्ड, व्ही-8 इंजिन, बॉनेट काढलेलं, ज्वाळांचा रंग. “सर, ओरिजिनल ठेवून करणार काय? म्युझियम? आपण जिप्सीचं 1300 इंजिन टाकू, फाइव्ह स्पीड, पुढे डिस्क ब्रेक, एसी. घाटात बोलेरोला मागे टाकाल.” ऐकायला कोणाला वाईट वाटेल?

आता मला कळतं की तो अर्धंच सांगत होता. अमेरिकेत पोरांनी जुन्या फोर्ड कापल्या तेव्हा त्या कवडीमोलाने मिळत होत्या, आणि 1932 च्या फोर्डची नवी कोरी पत्र्याची बॉडी आज तिथे विकत मिळते. मूळ गाडी हौसेने कापली तरी दुसरी उभी करता येते. डुक्करची समोरची जाळी कोण बनवतं? मीटर कोण बनवतं? माझ्या माहितीत कोणी नाही. म्हणून तर त्या जाळीला भाव आहे, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मॉडिफिकेशनच्या मी विरोधात नाही. सडलेला सांगाडा घ्या आणि त्यात रॉकेट बसवा, माझी ना नाही. पण पूर्ण गाडी उघडून “हे जुनं काही कामाचं नाही” असं जो सांगतो, त्याचं पोट त्या जुन्यावरच चालतं.

पैसे असे गेले: अॅडव्हान्स 1,50,000. इंजिन-गिअरबॉक्सचे 1,10,000, त्यातले 60,000 रोख, कारण “तो माणूस ऑनलाइन घेत नाही सर”. डिस्क ब्रेक 48,000. एसी 35,000. रंग आणि आतलं लायनिंग 72,500, त्यातून जुन्या सामानाचे 4,200 वजा करून 68,300. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. बिलावर “जुने सामान (भंगार) वजा 4,200” असं लिहिलेलं आणि खाली माझी सही.

जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला क्रॅक आहे म्हणाला. बॅटरीच्या उजेडात एक काळी रेघ दाखवली. रेघ होती, मी डोळ्यांनी पाहिली. ती क्रॅक होती की तेलाचा ओघळ, हे मी कसं ओळखणार? मी बँकेत नोकरी केलेला माणूस. तुमच्यावर ही वेळ आली तर ब्लॉक उचलून दुसऱ्या मशीनशॉपमध्ये न्या आणि प्रेशर टेस्ट करून घ्या. गॅरेजवाल्याच्या ओळखीच्या मशीनशॉपमध्ये नाही.

आणि आता तो दिवस, ज्याने माझी झोप घालवलीय. गाडी उघडायचं काम चालू होतं आणि मी तिथे खुर्ची टाकून बसलो होतो. जिप्सीचं इंजिन, ज्याचे मी 1,10,000 मोजले, ते साखळीने फरशीवरून फरफटत आणलं. आणि माझा मीटर, जो म्हणे भंगार, तो पोऱ्याने काचेवर फुंकर मारून, मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळून, बुटाच्या खोक्यात ठेवला. जाळीच्या क्रोमच्या पट्ट्या जुन्या चादरीत. हॉर्नचं बटण वेगळ्या पिशवीत, स्क्रूसकट. भंगार कोणी फडक्यात गुंडाळतं का? मी विचारलं, खरंच विचारलं. “पत्रा लागतो सर हाताला, पोरांना कापतं.” काचेच्या मीटरने कोणाचा हात कापतो? पण त्याच क्षणी चहा आला, त्याने रंगाचं पुस्तक पुढ्यात ठेवलं, आणि आम्ही मरून की क्रीम यावर बोलायला लागलो. समोरचा माणूस वीस वर्षं हाच धंदा करतोय, मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी उघडलेली पाहत होतो. यात मूर्खपणा माझा कसा, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. बायकोने प्रयत्न केलाय.

गाडी आली. दिसायला झकास. मग माझ्या भाच्याने जुन्या गाड्यांच्या सामानाची एक जाहिरात पाठवली: “डुक्कर फियाट, ओरिजिनल वेग्लिया मीटर, 28,000”. फोटोत आकडा 41873. काकांच्या मीटरची केबल कधीच तुटली होती, आकडा तिथेच थांबलेला. गाडी गॅरेजला देताना मी काढलेल्या फोटोतही 41873. त्याच माणसाकडे जाळी 40,000, स्टीअरिंग 18,500 (हॉर्नच्या बटणाला काकांनी बसवलेला पितळी स्क्रू तसाच), आणि “रनिंग कंडिशन इंजिन, नंबरसहित” 85,000. क्रॅक गेलेलं इंजिन रनिंग! त्यातला ‘नंबरसहित’ हा शब्द नीट वाचा. माझ्या आरसीवरचा इंजिन नंबर उद्या कोणाच्या तरी गाडीत बसणार आहे.

इथून पुढे सरकारी खातं.

जुलै 2021 पासून केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणलीय. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात फेरफार नको, फी 20,000, दहा वर्षं वैध, पुढे नूतनीकरणाला 5,000, नंबर प्लेटवर व्हीए. रोजच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनाला चालते. माझी गाडी मूळ रूपात असती तर यात बसली असती. आता इंजिनच दुसरं. गॅरेजवाला म्हणाला होता, “आरटीओचं मी बघतो, आपला एजंट आहे.” एजंट आता फोन उचलत नाही.

आरटीओत पहिल्या खिडकीवर सांगितलं, इंजिन बदलाची परवानगी आधी घ्यायला हवी होती. बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या तपशिलाबाहेर गाडी बदलता येत नाही. पण मग मी विचारलं, माझ्या नंबरचं इंजिन बाहेर विकलं जातंय, त्याची नोंद तरी घ्या. तर म्हणे तो पोलिसांचा विषय. पोलीस म्हणाले, गॅरेज ज्या हद्दीत आहे तिथे जा. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो, हे मी वाचून गेलो होतो. तसं म्हटल्यावर ठाणे अंमलदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच इंजिन चोरलंय. त्या हद्दीत गेलो. तिथे साहेब बंदोबस्ताला. साहेब आले तर म्हणाले, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, 420 चं आता 318 झालंय, विश्वासघाताचं 316 आहे, भारतीय न्याय संहिता बघा. त्यांनी बिल मागितलं. “ही सही तुमची ना? मग तुम्ही भंगार विकलंय. चोरी कुठे झाली?” मीटरचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. “असा आकडा दुसऱ्या मीटरवर असू शकत नाही का?” असू शकतो! पितळी स्क्रूही असू शकतो! सगळ्या महाराष्ट्रात सगळ्या काकांनी तोच स्क्रू बसवला असेल! अर्जाची पोच मागितली तर शिक्का आत कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. शेवटी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. तुम्हीही आधी तेच करा, शिक्क्याची वाट पाहू नका.

ग्राहक आयोगात तक्रार घातलीय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका. स्क्रीनशॉट नुसते काढून चालत नाहीत, त्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं. वकिलांनी हे सांगेपर्यंत जाळीची जाहिरात निघूनही गेली होती.

गाडी कुठेही देणार असाल तर प्रत्येक सुट्या भागाचा फोटो काढा, नंबरांवर खडू घासून त्यांचेही फोटो काढा, आणि “काढलेलं सर्व सामान मालकाला परत” हे कोटेशनवरच लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर तिथूनच गाडी उलटी फिरवा. ‘भंगार वजा’ असलेल्या बिलावर सही करू नका, 4,200 च काय 42,000 वजा केले तरी. रोख देऊ नका. आणि नवीन बसवायचंच असेल तर जुनं घरच्या माळ्यावर येऊन पडल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका. माळा नसेल तर पलंगाखाली.

मीटरची जाहिरात अजून आहे. भाच्याच्या नावाने मी चौकशी केली. वकील म्हणतात विकत घेऊ नका, केस कच्ची होईल. पण कोणी दुसऱ्याने उचलला तर? मी 22,000 म्हणालो. तो म्हणतो, “ओरिजिनल आहे भाऊ, असा पीस परत निघणार नाही,” आणि 26,000 च्या खाली यायला तयार नाही.