फुकटच्या बोटीचं तिकीट: स्टॅटन आयलंडला निघण्याआधी वाचा

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून स्टॅटन आयलंड या बेटावर जाणारी मोठी केशरी बोट फुकट आहे. ४ जुलै १९९७ पासून तिला भाडं नाही. रहिवासी असो, परदेशी पाहुणा असो, जाताना असो की येताना, कुणालाच नाही. त्याआधी ५० सेंट होतं, आणि विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात तर फक्त पाच सेंट. तरीही या बोटीची 'तिकिटं' धक्क्याबाहेर विकली जातात. घेणाऱ्यांत शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, एडिसन किंवा जर्सी सिटीला मुलांकडे आलेले आपल्याकडचे आईवडीलही असतात, कारण मुलं कामावर गेल्यावर दोघांनीच जाऊन बघून यावं असं हे सोयीचं ठिकाण आहे.

ही फसवणूक टिकून का आहे, हे आधी समजून घ्यायला हवं. नाटकाचं बनावट तिकीट असेल तर दारावरचा माणूस अडवतो, तिथेच बोंबाबोंब होते आणि विकणाऱ्याला जागा बदलावी लागते. इथे दारावर तिकीट बघणारं कुणीच नाही. दरवाजे उघडतात आणि लोक आत जातात. बनावट कागद हातात धरून तुम्हीही आत जाता, बोट सुटते, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा पुतळा दिसतो, फोटो निघतात. कागद 'चालला' अशीच तुमची समजूत होते. चौघांचे शंभर-सव्वाशे डॉलर गेले, हे घरी मुलाने विचारेपर्यंत कळत नाही. काहींना तर कधीच कळत नाही, आणि ते पुढच्या पाहुण्यांना सांगतात, "तिथे बाहेरच तिकीट मिळतं, लगेच सोडतात." विकणाऱ्याची ही फुकटची जाहिरात.

आता जागा नीट समजून घ्या. धक्क्याजवळ तीन सबवे स्थानकं आहेत: १ नंबरच्या गाडीचं साउथ फेरी, आर आणि डब्ल्यू गाड्यांचं व्हाइटहॉल स्ट्रीट, आणि ४ व ५ नंबरच्या गाड्यांचं बोलिंग ग्रीन. पहिल्या दोन स्थानकांतून बाहेर आलात की समोरच व्हाइटहॉल टर्मिनल आहे. दर्शनी भागावर भल्यामोठ्या अक्षरांत 'स्टॅटन आयलंड फेरी' लिहिलेलं आहे, चुकणं शक्य नाही. बोलिंग ग्रीनहून आलात तर मात्र बॅटरी नावाची बाग आणि तिच्या कडेचे फुटपाथ ओलांडावे लागतात. विकणारे नेमके याच पट्ट्यात असतात. जर्सीहून 'पाथ' नावाच्या लोकल गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून चालत येणारेही शेवटी इथेच पोचतात.

विकणारा दिसायला अगदी सरकारी वाटतो. भडक रंगाचं जाकीट, गळ्यात पट्ट्याला लटकलेलं ओळखपत्र, हातात पुतळ्याचे फोटो छापलेला लॅमिनेट केलेला दरफलक, कमरेला कार्ड घासायचं छोटं यंत्र. ओळखपत्रावर 'अधिकृत' लिहिलेलं असलं तरी कुणी अधिकृत केलं हे लिहिलेलं नसतं. तो तुम्हाला विकण्याच्या सुरात काही सांगत नाही, अडवण्याच्या सुरात सांगतो: "इकडून नाही, फेरीची तिकिटं इथे." आपल्याला गेटवेला घारापुरीच्या लाँचचं तिकीट धक्क्यापाशी उभ्याउभ्या घ्यायची सवय असते. शिवाय अमेरिकेत एवढी मोठी बोट फुकट असेल यावर विश्वास बसत नाही. हात आपोआप पाकिटाकडे जातो.

तो कागद कधी हातात पडलाच तर वाचून बघा. वर पुतळ्याचं चित्र, खाली क्यूआर कोड, मध्ये 'हार्बर क्रूझ', 'स्कायलाइन', 'एक्स्प्रेस' असले शब्द. बोटीची वेळ नसते, धक्क्याचा क्रमांक नसतो, आणि 'लिबर्टी आयलंड' हे पुतळ्याच्या बेटाचं नाव सांगणारे दोन शब्द मोठ्या अक्षरांत कुठेच नसतात. असलेच तर 'लिबर्टी आयलंडचं दर्शन' अशा गोलमाल भाषेत. दर्शन म्हणजे लांबून बघणं, उतरणं नव्हे.

यात दुसरा प्रकार मिसळतो, आणि त्यात जास्त पैसे जातात. स्टॅटन आयलंडची बोट पुतळ्याच्या बेटावर थांबत नाही. ती पुतळ्यासमोरून पुढे निघून जाते. पुतळ्यापाशी उतरायचं असेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने, ज्या कंपनीला परवाना दिला आहे त्या स्टॅच्यू सिटी क्रूझेसचीच बोट लागते. लिबर्टी आयलंड आणि एलिस आयलंड या दोन्ही बेटांच्या धक्क्याला पर्यटकांना घेऊन लागणारी दुसरी कोणतीही बोट नाही. मोठ्या माणसाचं साधं तिकीट २५ डॉलरच्या आसपास आहे. त्यात दोन्ही बेटं, दोन्ही संग्रहालयं आणि ऑडिओ गाइड येतं. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. बेटांवर प्रवेश फी अशी नाहीच, पैसे बोटीचे आहेत. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास जवळ असला तरी बोटीचं तिकीट काढावंच लागतं.

बागेतला विक्रेता याच गोंधळावर जगतो. पुतळ्याचं तिकीट म्हणून तो खासगी बोटीची फेरी विकतो. ती बोट पुतळ्याजवळून वळून परत येते. कधी तर लोकांना बसमध्ये बसवून तिसऱ्याच धक्क्यावर नेतात, बस भरेपर्यंत ताटकळत ठेवतात आणि अर्धा दिवस तिथेच जातो. तक्रार केली तर उत्तर तयार असतं: "बोट दिली की, पुतळा दिसला की."

त्याची ठरलेली वाक्यं साधारण तीन आहेत. "आजची तिकिटं संपली." साध्या तिकिटांच्या बाबतीत हे क्वचितच खरं असतं. पुतळ्याच्या मुकुटापर्यंत चढायची तिकिटं मात्र खरोखर संपतात, तीही काही महिने आधी. पण ती नावानिशी असतात आणि ओळखपत्र बघूनच मिळतात, म्हणजे रस्त्यावर मुकुटाचं तिकीट देतो म्हणणारा हमखास खोटा. "रांग चार तासांची आहे, माझ्याकडे रांगेशिवायचं तिकीट आहे." रांग उन्हाळ्यात लांब असते हे खरं, पण ती तिकिटाची नसून विमानतळासारख्या सुरक्षा तपासणीची असते, आणि ती टाळायची सोय रस्त्यावरच्या कुणाकडेही नाही. तिसरं वाक्य सर्वांत वाईट: "फुकटची बोट फक्त रहिवाशांसाठी आहे." हे साफ खोटं आहे. त्या बोटीवर कुणी ओळखपत्र बघत नाही.

पुतळ्याचं तिकीट दोनच ठिकाणी घ्या: कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा बागेतल्या कॅसल क्लिंटनपाशी असलेल्या खिडकीवर. कॅसल क्लिंटन म्हणजे १८१२ च्या युद्धाच्या तोंडावर बांधलेला तांबूस दगडाचा गोल किल्ला. १८५५ ते १८९० या काळात अमेरिकेत येणारे स्थलांतरित याच वास्तूत उतरत असत. एलिस आयलंडवरचं स्थलांतरितांचं केंद्र १८९२ साली सुरू झालं, ते त्यानंतरचं. संकेतस्थळ शोधतानाही सावध राहा. शोधात सर्वांत वर जे येतं त्यावर 'जाहिरात' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि तिथे तेच २५ डॉलरचं तिकीट 'मार्गदर्शकासह' म्हणून दुप्पट-तिप्पट दराने दिसतं. मार्गदर्शक बऱ्याचदा बागेतच दहा मिनिटं बोलतो आणि तुम्हाला त्याच रांगेत उभं करून निघून जातो. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावरून दुवा उघडला तर ही भानगड उरत नाही.

जर्सी सिटी किंवा एडिसनला राहणाऱ्यांनी तर मॅनहॅटनला जायचंच कशाला? तीच कंपनी, त्याच दराने, जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही बोटी सोडते. गाडी लावायला जागा असते, रांग सहसा लहान असते आणि जाकीटवाल्यांचा ससेमिरा जवळपास नसतो. परतताना मात्र बेटावरच्या पाट्या वाचा. न्यूयॉर्कची बोट वेगळी, न्यू जर्सीची वेगळी. चुकीच्या बोटीत बसलात तर गाडी एका राज्यात आणि तुम्ही दुसऱ्यात!

आता स्टॅटन आयलंडच्या बोटीकडे परत. व्हाइटहॉल टर्मिनलमध्ये शिरलात की सरकत्या जिन्याने वरच्या प्रतीक्षागृहात जा. दिवसरात्र, वर्षभर बोटी चालतात. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी दर १५-२० मिनिटांनी, एरवी अर्ध्या तासाने. काचेचे मोठे दरवाजे उघडले की चढायचं, बाकी काही नाही. साधारण ५.२ मैलांचं अंतर, २५ मिनिटांचा प्रवास. जाताना पुतळा उजवीकडे येतो, येताना डावीकडे. बाहेरच्या डेकवर त्या बाजूला आधीच जागा धरा, बोट सुटल्यावर कठडा मिळत नाही. पुतळा पुरेसा जवळ दिसतो, पण मोबाइलच्या साध्या फोटोत लहानच येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. स्वच्छतागृह आहे, खाण्यापिण्याचं दुकान आहे. सेंट जॉर्जला, म्हणजे स्टॅटन आयलंडच्या धक्क्याला, पोचल्यावर सगळ्यांनी उतरायचं असतं. परत लगेच जायचं असलं तरी बाहेर पडून, फिरून पुन्हा प्रतीक्षागृहात यायचं. हे माहीत नसल्याने लोक बोटीतच बसून राहतात आणि कर्मचारी उठवायला आले की घाबरतात. दंड वगैरे काही नसतो.

सेंट जॉर्जला एनवायसी फेरी नावाची आणखी एक, आकाराने बरीच लहान बोट येते. तिला तिकीट आहे, साडेचार डॉलरच्या आसपास, आणि ते यंत्रावर किंवा ॲपवर मिळतं. ही फसवणूक नाही, पण दोन्ही नावांत 'फेरी' असल्याने लोक गोंधळतात. मोठी आणि केशरी ती फुकट, एवढं लक्षात ठेवा.

उतरल्याउतरल्या परत फिरणारे बेट बघतच नाहीत, आणि विक्रेत्याला बेटाबद्दल काही माहीत नसतं, म्हणून तो सांगतही नाही. धक्क्यालगतच्या किनाऱ्यावर ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्या स्टॅटन आयलंडकरांचं पांढरं स्मारक आहे, चालत पाच मिनिटं, फुकट. धक्क्याच्या रॅम्पवरून एस४० ची बस घेतली की दहा-एक मिनिटांत स्नग हार्बर येतं. १८३३ मध्ये थकलेल्या खलाशांसाठी उघडलेला हा आश्रम. ओळीने उभ्या ग्रीक थाटाच्या खांबांच्या इमारती आहेत. आवारात फिरायला पैसे नाहीत, आतल्या चिनी बागेला आणि संग्रहालयांना तिकीट आहे. एस५१ ची बस फोर्ट वॉड्सवर्थकडे जाते. तिथून १९६४ चा व्हेराझानो पूल अगदी डोक्यावर दिसतो. त्याचा मधला गाळा ४,२६० फुटांचा. किल्ल्याचं आवार बघायला पैसे लागत नाहीत. बसभाडं सुमारे तीन डॉलर. संपर्करहित कार्ड टेकवलं की झालं, आणि दोन तासांत दुसरी बस घेतली तर पुन्हा पैसे पडत नाहीत. भारतातलं कार्ड चालतं, फक्त बँक परकीय चलनाचं शुल्क लावते.

दिवस हाताशी असेल तर स्टॅटन आयलंड रेल्वेने टोकाच्या टॉटनव्हिलला जा, पाऊण तास लागतो. या रेल्वेत भाडं फक्त सेंट जॉर्ज आणि टॉम्पकिन्सव्हिल या दोन स्थानकांवर घेतात, त्यामुळे टॉटनव्हिलला बाहेर पडताना फाटक दिसलं नाही तर बावरू नका. तिथलं कॉन्फरन्स हाउस हे सतराव्या शतकातलं दगडी घर. ११ सप्टेंबर १७७६ रोजी बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि एडवर्ड रटलेज इथे ब्रिटिश ॲडमिरल लॉर्ड हाउ यांच्याशी तहाची बोलणी करायला आले, आणि बोलणी फिसकटली. घर रोज उघडं नसतं. वेळ बघूनच निघा, नाहीतर बागेतून हिंडून परत यावं लागेल.

पैसे आधीच गेले असतील तर काय करायचं? रोख दिले असतील तर ते परत मिळण्याची आशा फारशी नाही. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवा. त्यासाठी तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, कार्डाच्या संदेशात आलेलं दुकानाचं नाव आणि वेळ जपून ठेवा. कारण लिहिताना 'सेवा आवडली नाही' असं लिहू नका. 'सांगितलेली सेवा दिलीच नाही, विनामूल्य सार्वजनिक बोटीचे पैसे घेतले' असं लिहा. पहिल्या कारणावर बँक सहसा दाद देत नाही. यंत्रावर कार्ड टेकवण्याआधी आकडा वाचायला हवा होता हे खरं, कारण तोंडी सांगितलेला दर माणशी की सगळ्यांचा, आणि त्यावर टीप किती, हे तिथेच बदलतं. पण आकडा मान्य केला म्हणून हरकतीचा हक्क जात नाही.

शहराकडे तक्रार करायला न्यूयॉर्कमधून ३११ लावा, शहराबाहेरून २१२-६३९-९६७५. दुभाषी मागता येतो, हिंदी सहज मिळते. विक्रेता कोणत्या कोपऱ्यावर होता, जाकिटाचा रंग काय, ओळखपत्रावर काय लिहिलं होतं आणि नेमके कोणते शब्द वापरून पैसे घेतले, एवढं सांगा. तो अजून तिथेच उभा असेल तर टर्मिनलमध्ये पोलीस असतात, आत जाऊन त्यांना कागद दाखवा.