मुलांसोबत सेवा: वारी, विसर्जनाचा घाट की शेजारचं दार?

मुलांना घेऊन समाजाचं काहीतरी काम करावं, पण सुरुवात कुठून करायची? आम्ही पुण्यात तीन वाटा करून पाहिल्या.

वारीपासून सांगते. दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. एका दिंडीला आम्ही सकाळी पोहे आणि चहा दिला. आठ वर्षांच्या मुलाच्या हातून बशी घेताना एक आजोबा 'माउली' म्हणत त्याच्याच पाया पडले. पोरगं गोंधळलं, मग त्यानंही वाकून त्यांच्या पायांना हात लावला. लहान-मोठं, गाव, जात मध्ये न येता माणसं एकमेकांपुढे वाकतात, हे मला शब्दांत सांगता आलं नसतं. पण त्या दोन दिवसांत खाऊ वाटणारे फार असतात आणि रस्त्यावर कागदी बशांचा खच पडतो. म्हणून काय हवंय ते आधी दिंडीप्रमुखांना विचारा. आम्हाला ते म्हणाले, "खायला पुष्कळ आहे, पायांना चोळायला तेल द्या." जाताना कचऱ्यासाठी पोतंही न्या.

घाटावर निर्माल्य गोळा करणं मोठ्या मुलांचं काम, दहा वर्षांपुढच्या. हारांचे दोरे सोडवायचे, प्लॅस्टिक काढायचं, फुलं आणि दुर्वा खतासाठी वेगळ्या करायच्या. अनोळखी माणसांना "काका, निर्माल्य इकडे द्या" म्हणायचं धाडस लेकीला तिथंच आलं. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत, ते का, हेही तिनं त्या रात्री विचारलं. अनंत चतुर्दशीची गर्दी मात्र टाळा. दीड दिवसाचं विसर्जन बरं. मुलांना पाण्यापासून दूर, निर्माल्य कलशाजवळच उभं करा.

तिसरी वाट सर्वांत साधी, आणि मला विचाराल तर आधी हीच धरा. आमच्याच मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. दर रविवारी मुलं त्यांचं दळण आणतात, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावतात (गोळ्या मी तपासते). चौथ्या रविवारी मुलगा म्हणाला, "आज नको." तरी नेलं. वारीत उत्साह आपोआप येतो, इथं तो नसतानाही जावं लागतं, आणि मुलांनी शिकायचं ते हेच, असं मला मनापासून वाटतं. आजी बदल्यात त्यांच्याकडून पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) घोकून घेतात. माझ्या आजोळी इर्जिक असायची. एकाच्या शेतात साऱ्या गावाचे बैल नांगरायला यायचे, मालकानं फक्त जेवण घालायचं. तसंच काहीसं हे.

यंदा ज्येष्ठात दिंडीसाठी तेलाच्या बाटल्या भरायच्या आहेत. नरसाळं आजींनी आत्ताच काढून ठेवलंय.