क्यूबिटटॉरेंट: फोंड्याच्या पावसाळ्यात वापरून पाहिल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर मी क्यूबिटटॉरेंट संगणकावर घेतला. मोठ्या फाइली इतर वापरकर्त्यांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवणारा, आणि आपल्याकडचे तुकडे त्यांनाही देणारा हा प्रोग्रॅम आहे. आता चवथ होऊन दसराही गेला आहे, त्यामुळे त्याविषयी थोडे ठामपणे लिहिता येईल. प्रोग्रॅम विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे, त्यात जाहिराती नाहीत. तो मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा, कारण मिळत्याजुळत्या नावाची इतर संकेतस्थळेही शोधात वर येतात.

फोंडा तालुक्यात जून-जुलैत माडाची चुडते तारेवर पडली की वीज केव्हा परत येईल याचा नेम नसतो, आणि या प्रोग्रॅमची खरी परीक्षा तिथेच झाली. उबुंटू या मुक्त संगणक-प्रणालीची सुमारे 6 जीबीची फाइल ब्राउझरमधून उतरवताना वीज गेली, तर अनेकदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ब्रॅम कोहेन यांनी 2001 साली आणलेल्या बिटटॉरेंट पद्धतीत फाइलचे लहान तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याची पडताळणी-खूण टॉरेंटमध्येच, म्हणजे त्या फाइलची माहिती देणाऱ्या छोट्या फाइलीत, नोंदलेली असते. एकदा वीज गेल्यानंतर मी ‘फोर्स रीचेक’, म्हणजे उतरलेले तुकडे पुन्हा तपासण्याची आज्ञा, दिले, तेव्हा टक्केवारी 97.8 वरून 97.6 वर उतरली. बिघडलेले तेवढे तुकडे प्रोग्रॅमने टाकून दिले आणि पुन्हा मागवून घेतले.

नवा माणूस फाइलचा आकार आधी पाहतो. त्याआधी सीड किती आहेत, म्हणजे पूर्ण फाइल जवळ असलेले किती जण जोडलेले आहेत, ते पाहावे. उबुंटू किंवा डेबियन अशा प्रणालींना ते भरपूर मिळतात. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरील जुन्या मराठी पुस्तकाला मात्र कित्येकदा एकही सीड दिसत नाही, तरी ते उतरते, कारण आर्काइव्हचा सर्व्हरच वेब-सीड म्हणून तुकडे पुरवतो.

सर्वांत आधी बदलावी अशी सेटिंग अपलोडची आहे. मूळ सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा नसते. ती वाट भरून गेली की डाउनलोडचा माल मिळाल्याचे समोरच्याला कळवणाऱ्या पोचपावत्या अडकतात, आणि डाउनलोडच नव्हे तर घरातल्या इतरांचे व्हिडिओ कॉलही रखडतात. लाइनच्या अपलोड क्षमतेच्या साधारण 80 टक्क्यांवर मर्यादा घातल्यावर आमच्या घरातली कुरबुर थांबली. डाउनलोड पूर्ण झाल्यावरही अपलोड चालूच राहतो. वाटून घेण्याच्या या पद्धतीत तो न्याय्य आहे, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपवणारा आहे.

माझी तक्रार एका वेगळ्याच कामात उद्भवली, आणि तिचा दोष प्रोग्रॅमकडे जात नाही. आमच्या वाड्यावरील भजनी सप्ताहाचे चित्रीकरण सुमारे 40 जीबी भरले. गायक-वादकांची संमती घेऊन ते पुणे-डोंबिवलीच्या नातेवाइकांना पाठवायचे होते, म्हणून ‘टॉरेंट क्रिएटर’मध्ये टॉरेंट तयार केला आणि मॅग्नेट लिंक (टॉरेंट फाइलीऐवजी चालणारा दुवा) व्हॉट्सॅपवर दिली. डोंबिवलीला फाइल सुरळीत गेली. पुण्याच्या भाच्याकडे आकडा शून्यावरच राहिला. माझी आणि त्याची, दोन्ही ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) नव्हता, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला होता. अशा वेळी बाहेरून येणारी जोडणी कोणाच्याच दारापर्यंत पोहोचत नाही. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठीचे दार, उघडूनही अशा जोडणीत उपयोग होत नाही. डोंबिवलीचा संगणक पूर्ण सीड झाल्यावर मात्र भाच्याला तिथून तुकडे मिळू लागले, आणि पुढे दोन्हीकडे आयपीव्ही6 (पत्ते वाटून घ्यावे लागू नयेत इतके भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) चालू करून घेतल्यावर आमच्या दोघांतही थेट जोडणी झाली.

चित्रपट फुकट मिळावेत म्हणून हा प्रोग्रॅम घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्या टॉरेंटमधील प्रत्येकाला आपला आयपी पत्ता दिसतो, आणि 1957 चा कॉपीराइट कायदा इथेही लागू आहे. शिवाय उतरवता उतरवता आपण तेच तुकडे इतरांना वाटतही असतो, त्यामुळे ‘मी फक्त पाहण्यासाठी घेतले’ हा बचाव टिकणे कठीण आहे.