लंडनची लाल बस: काही न ठरवता भटकायला एकदम बेस्ट

बडोद्याहून लंडनला जाणाऱ्या आपल्या मंडळींना माझं एकच सांगणं, एक दिवस तरी कुठलंही बुकिंग न करता मोकळा ठेवा आणि समोर येईल त्या लाल बसमध्ये चढा. कॅश 2014 पासूनच बंद आहे, कॉन्टॅक्टलेस कार्ड मशीनला टेकवायचं (प्रत्येकाचं वेगळं हं, आणि इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या), आणि आम्ही गेलो तेव्हा 1.75 पाउंडात पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदलता येत होत्या, म्हणजे काही आवडलं की उतरा, फिरा, परत दुसरी पकडा. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली तर सोडू नका!!

मी आणि आत्या सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळ अशाच उतरलो आणि गल्लीबोळांत शिरता शिरता पोस्टमन्स पार्क नावाची छोटीशी बाग लागली. तिथे 1900 सालचं एक स्मारक आहे, राजाराणीचं नाही, दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या साध्या माणसांचं, प्रत्येकाचं नाव आणि काय घडलं ते टाइल्सवर लिहिलंय. आत्या एकेक टाइल वाचत राहिली, हलायलाच तयार नाही. टूरच्या यादीत हे कुठे असतं? मला तर लंडन आयपेक्षा हे कितीतरी जास्त भावलं.

घाई असेल तर ट्यूब (लंडनची मेट्रो) घ्या, ट्रॅफिकमध्ये बस रेंगाळते. पण आपल्या बडोद्यात मांडवी ते न्यायमंदिर उगाच चालत फिरायला ज्यांना आवडतं त्यांनी बसच घ्यावी. पाचपैकी पाच स्टार.